बाबा म्हणतात, ‘वाचन’ सांग

पत्र थोडक्यात असं: भांडुपची 28 वर्षांची मुलगी. नोकरी ऐरोलीला. गेली दोन वर्षं महिन्यातले दोन रविवार ती मुलुंडला मैत्रिणीकडे जाते आणि चार-पाच जण मिळून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. हा टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायचा रोल-प्लेइंग गेम. घरी मात्र ‘ऑफिसचं काम’ असं सांगितलेलं. गेल्या महिन्यात आईने कपाटातला सराफाचा लाल बटवा अंगठी असेल म्हणून उघडला, तर आतून सात रंगीत फासे निघाले. मावशी म्हणाली, जुगार. बाबा म्हणाले, या वयात भातुकली? मुलीने अर्धा तास समजावलं. त्यात ती एका म्हाताऱ्या ड्वार्फ (म्हणजे परीकथेतल्या बुटक्या) लोहाराचं पात्र करते हे कळल्यावर आई आणखीच गोंधळली. बाबा मूळचे कुडाळकडचे, दरवर्षी जत्रेला गावी जाऊन रात्रभर दशावतार पाहणारे, ‘म्हणून त्यांना तरी कळेल असं वाटलं होतं.’ दोन आठवड्यांनी पाहुणे बघायला येणार आहेत. छंद विचारले तर ‘वाचन’ सांग, असा बाबांचा सल्ला. तिचे प्रश्न दोन: न खेळणाऱ्या माणसाला हा खेळ समजवायचा कसा? आणि नाहीच समजला तर सोडायचा का?

प्रिय रविवारवाली,

नाव तू लिहिलेलं नाहीस, तेव्हा हेच ठेवते. ‘तू’ म्हटलेलं चालेल ना?

आधी एक कबुली. हे पत्र दोन वर्षांपूर्वी आलं असतं तर मी तुझ्या मावशीच्या शेजारी जाऊन बसले असते. मग एका दिवाळीत भावाकडे पार्ल्याला गेले. भाचा आणि त्याचे मित्र जेवणाच्या टेबलावर चौकटीचा कागद पसरून बसले होते आणि कागदावर शेंगदाणे मांडलेले. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, “आत्या, हे दरोडेखोर आहेत. मेले की खायचे.” त्यांचा एक गडी आला नव्हता, म्हणून मला बसवलं. मला मिळाली साठीची वैदूबाई, पाठीवर औषधांची झोळी. नियम कुणी सांगितले नाहीत. भाचा एवढंच म्हणाला, “संध्याकाळ झालीय. नदीवर लाकडी पूल आहे. पुलाच्या तोंडाशी एक धिप्पाड माणूस बांबू आडवा टाकून बसलाय, गुडघ्याला फडकं बांधलंय. म्हणतो, माणशी पाच नाणी. तुमच्याकडे सगळ्यांची मिळून चार आहेत. आत्या, तू काय करतेस?”

मी काय करणार? पावती मागितली.

पोरं फिसकन हसली. भाचा हसला नाही. त्या माणसाचा घोगरा आवाज काढून म्हणाला, “कसली पावती?” आणि मी खरोखरच भांडायला लागले. पूल कुणी बांधला, वसुली कुणाच्या हुकमाने, पैसे जातात कुठे. चांगली पाच मिनिटं भांडले. मग त्याने वीस बाजूंचा एक फासा माझ्या हातात दिला. “पंधरा झाले तर तो वरमेल. तुझी बाई बोलण्यात तयार आहे, तिचे दोन धर.” फासा टाकला, पडले तीन. दोन धरून पाच. टोलवाल्याचा अपमान झाला, दर माणशी दहावर गेला आणि आमचा एक भिडू ओलीस राहिला. पुढचा दीड तास त्याला सोडवण्यात गेला. त्या दिवाळीत मी एवढी दुसऱ्या कशाने हसले नाही.

नंतर भांडी आवरताना भाचा म्हणाला, “तुला सांगितलं होतं ना, त्याच्या गुडघ्याला फडकं होतं म्हणून. औषध देऊ केलं असतंस तर पंधराऐवजी दहावर भागवलं असतं.” मी मनातल्या मनात हिशोब केला. भांडताना मला तेरा किंवा वर पडायला हवे होते, म्हणजे वीसातल्या आठ बाजू, 40 टक्के. औषधाच्या वाटेने आठ किंवा वर पुरले असते, तेरा बाजू, 65 टक्के. काय करायचं ते मी ठरवलं होतं, फाशाने फक्त ते साधलं की नाही एवढं सांगितलं. आणि मी समोरच्याचं बोलणं नीट ऐकलं नव्हतं, त्याची किंमत मोजली. (हे आमच्या घरात मला पहिल्यांदाच ऐकवलं गेलं असं नाही.)

आता तुझा पहिला प्रश्न. मला त्या दिवशी कुणी खेळ समजावला नाही. मला विचारलं, तू काय करतेस. तू आईला अर्धा तास समजावलंस आणि त्या अर्ध्या तासात काय काय सांगितलंस ते तूच पत्रात लिहिलं आहेस: लेव्हल, आर्मर क्लास, एल्फ आणि ड्वार्फमधला फरक, स्पेल स्लॉट. अगं, ज्याने आयुष्यात बॅट पाहिली नाही त्याला तू डकवर्थ-लुईसपासून क्रिकेट शिकवायला बसलीस! आईला खेळ कळला नाही हे स्वाभाविक आहे. तुला तो इतका येतो की कुठून सुरुवात करायची ते तू विसरली आहेस.

सुरुवात तीन वाक्यांत होते. एक जण गोष्ट सांगतो आणि त्या गोष्टीतली आजूबाजूची सगळी माणसं, जनावरं, राक्षस तोच वठवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करेल ते सांगतात. जमेल की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं तिथे फासा टाकतात. इथे थांबायचं. पुढचं, त्यांनी विचारलं तरच.

आणि विचारतीलच. पहिला प्रश्न सगळीकडे एकच असतो: मग जिंकतं कोण? तू ‘कुणीच नाही’ म्हणालीस की समोरच्याचा चेहरा पडतो, हो ना? हा गोंधळ बराचसा ‘गेम’ या शब्दाने केलाय. गेम म्हटलं की हार-जीत आली, शाळेतले कप आले. आपल्या ‘खेळ’ शब्दाचं तसं नाही. डोंबाऱ्याचा खेळ, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, नाटकाचा रात्रीचा खेळ. यात कोण जिंकलं असं कुणी विचारतं का? तेव्हा घरात ‘गेम’ म्हणणं बंद कर. ‘आमचा खेळ आहे’ म्हण आणि तो असा दुसऱ्या अर्थाने म्हण.

त्यावरून बाबांकडे येते. तुझ्या पत्रातल्या ‘बाबांना तरी कळेल असं वाटलं होतं’ या ओळीशी मी बराच वेळ थांबले. तुला बरोबरच वाटलं होतं. तू फक्त त्यांना ते सांगितलं नाहीस. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात हे तुझ्या बाबांना आपल्या दोघींपेक्षा चांगलं ठाऊक असणार. खेळाआधी आख्यान ठरतं, कुणी कुठली भूमिका घ्यायची ते ठरतं, आणि मग उभ्या उभ्या समोरच्याने टाकलेलं वाक्य झेलून पुढचं वाक्य. कुणाचा पोशाखांचा पेटारा भारी याला महत्त्व नाही. समोरचा काय बोलला ते ऐकून त्यावर चढवता आलं पाहिजे. तुमच्या टेबलावर याहून वेगळं काय चालतं? तुमचा डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा, प्रसंग मांडतो, तुम्ही तिथल्या तिथे बोलता. म्हाताऱ्या लोहाराचं पात्र तरुण मुलगी कशी करते, हा आईचा प्रश्न. वर्षानुवर्षं पुरुषांनी केलेल्या द्रौपदी आणि तारामती पाहून डोळे पुसलेल्या माणसाला तो पडायला नको.

तुलना फार ताणू मात्र नकोस, बाबा लगेच पकडतील. दशावतारात शेवट ठरलेला असतो, राक्षस मरणारच, प्रेक्षकही तेवढ्यासाठीच पहाटेपर्यंत बसलेले असतात. तुमच्याकडे प्रेक्षक नाही आणि शेवट मास्टरलाही नक्की ठाऊक नाही. फासा पडला तीन की लोहार ओढ्यात. हा फरक तूच आधी सांगून टाक. आपल्या छंदाची उणी बाजू आपणच सांगितली की ऐकणारा सैल होतो, हा माझा अनुभव आहे.

मग एखाद्या रात्री जेवण झाल्यावर, टीव्ही बंद असताना, बाबांना विचार: “बाबा, तुम्ही कुडाळच्या बाजारातून रात्री घरी निघालाय. कंदील विझलाय. पारावर कुणीतरी बसलंय आणि तुम्हाला नावाने हाक मारतंय. काय कराल?” कागद नको, ड्रॅगन नको, इंग्रजी शब्द एकही नको. एखादा सहा बाजूंचा साधा फासा पुरे, घरात सापशिडी असेलच. वीस मिनिटांत थांब, त्यांना अजून हवं असतानाच. ते ‘पुढे काय झालं?’ म्हणाले तर झालं तुझं समजावून. नाही म्हणाले, जांभई दिली, तर तेही ठीकच. मला टेस्ट क्रिकेट कळतं आणि तरी आवडत नाही.

बाबांचा ‘भातुकली’ हा शब्द मला तितकासा टोचला नाही. भातुकलीची आपण उगाच हेटाळणी करतो. पण वयाचाच मुद्दा असेल तर एवढं सांगता येईल की या खेळाची पाळंमुळं प्रौढ माणसांच्या युद्धखेळांत आहेत. एकोणिसाव्या शतकात प्रशियाचे लष्करी अधिकारी नकाशावर ठोकळे मांडून, फासे टाकून लढाईचे डावपेच शिकत. ते युद्धखेळ पुढे हौशी लोकांत आले. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी त्यात पलटणींऐवजी एकेक माणूस आणला, आणि 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पहिली हजार प्रतींची आवृत्ती निघाली. हा गायगॅक्स आधी विमा कंपनीत होता. ती नोकरी गेल्यावर घरी बूट दुरुस्त करायचा. मला हे फार आवडतं. राक्षस आणि खजिने अशा माणसाच्या डोक्यातून आले जो दिवसभर लोकांच्या चपलांना टाके घालत होता.

आता मावशी. फासे म्हटलं की तिला शकुनी दिसतो, आणि त्यात तिचं काही चुकलेलं नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. फाशांच्या नादाने बायको, घर, पत सगळं घालवलेल्या माणसाचं ते रडगाणं आहे. म्हणजे मावशीची काळजी तीनेक हजार वर्षं तरी जुनी. पण त्या माणसाला बुडवलं ते पणाने, आणि तुमच्या टेबलावर पण लावलेलाच नाही. ‘पैसे लावत नाही, मावशी’ एवढं एक वाक्य पुरे. गणपतीत तुमच्या सोसायटीत दहा रुपयांच्या तिकिटावर हाऊजी चालते आणि जागरणाला पत्ते कुटले जातात, हे तुझ्या जिभेवर येईल. गिळून टाक. मुद्दा बिनतोड आहे, पण त्याने मावशी जिंकली जायची नाही, नुसती हरेल, आणि हरलेली मावशी लग्नकार्यात फार महाग पडते.

हा संशय फक्त आपल्याकडचा आहे असंही समजू नकोस. 1983 साली अमेरिकेत एका आईने मुलाच्या मृत्यूचा दोष या खेळाला देऊन त्याच्याविरुद्ध संघटना उभी केली होती. सैतानपूजेपर्यंत आरोप गेले. पुढच्या अभ्यासांत तसा संबंध काही सापडला नाही. ती आई खोटी होती असं मी म्हणणार नाही, तिचं दुःख खरं होतं. जे आपल्याला दिसत नाही, बंद दाराआड चालतं, त्यावर दोष ठेवायला सोपं जातं, एवढंच.

आणि बंद दार म्हटल्यावर मला तुझ्याशी थोडं कठोर बोलायचंय.

तू सगळ्या पत्रभर ‘त्यांना खेळ कळत नाही’ असं लिहिलंयस. पण आईचं जे एकच वाक्य तू जसंच्या तसं दिलंस ते असं: “मेगाब्लॉकच्या दिवशी कुठलं ऑफिस गं?” यात फासे आहेत का? ड्रॅगन आहे का? आईला दोन वर्षं हे खटकत होतं. दर पंधरा दिवसांनी रविवारी तू डबा घेऊन निघायचीस, ती विचारायची नाही. बटवा उघडल्यावर तिला जे कळलं ते जुगारापेक्षा वाईट होतं. मुलगी आपल्याला थापा मारते आणि तेही इतक्या साध्या गोष्टीसाठी. तू समजावत होतीस आर्मर क्लास, तिला ऐकायचं होतं की कुठे असतेस, कुणाबरोबर असतेस, आणि मला का नाही सांगितलंस.

तू का नाही सांगितलंस, हे मला कळतं. ‘मैत्रिणीकडे खेळायला जाते’ हे वाक्य 26 व्या वर्षी घरात उच्चारायला लाज वाटली असणार. चार जणांत दोन मुलगे आहेत, त्यावरून प्रश्न येतील असंही वाटलं असणार. पण म्हणजे खेळ हा पोरकटपणा आहे हे पहिल्यांदा तूच मान्य केलंस, बाबांनी नंतर. गेली दोन वर्षं तू सह्याद्रीत ट्रेकला जात असतीस तर ‘ऑफिस’ म्हणाली असतीस का? पाय मोडून घेण्याची शक्यता तिकडे कितीतरी जास्त.

तेव्हा समजावण्याआधी माफी. छोटी, खुलासे न जोडता. ‘खोटं सांगितलं, चुकलं.’ मग पुढच्या वेळी डाव तुमच्या घरी ठेव. मुलुंडची सगळी मंडळी भांडुपला येऊ देत. आईला खेळायला बसवू नकोस, तिला स्वयंपाकघरातून ऐकू दे. मधे चहा लागेल, तो तुम्ही करा. तीन तास पाच माणसं एकमेकांकडे बघून बोलतायत, हसतायत, कुणी मोबाइल काढत नाही, कागदावर पेन्सिलीने बेरजा चालल्यायत, हे तिने एकदा कानांनी ऐकलं की ‘कुठे जातेस’ या प्रश्नातली निम्मी हवा गेली. चित्रविचित्र आवाज पहिल्या दिवशी जरा बेताने काढा. आणि ती दोन मुलं जाताना आईला ‘येतो काकू’ म्हणतील एवढं बघ.

पाहुण्यांचं म्हणशील तर ‘वाचन’ सांगू नकोस. धोरण म्हणूनही ते वाईट आहे. कुणीतरी विचारेल, सध्या काय वाचताय, आणि तू अडकशील. मोठ्यांसमोर एक वाक्य पुरे: ‘आम्ही मित्रमंडळी महिन्यातून दोन रविवार एकत्र बसून गोष्ट रचतो, नाटकासारखी, फक्त संहिता नसते.’ पोह्यांच्या बशीबरोबर एवढंच खपतं. मुलाशी एकटीने बोलायला मिळेल तेव्हा मात्र नीट सांग, आणि ते त्याला पटवण्यासाठी नको. महिन्यातले दोन रविवार तुझे ठरलेले आहेत, ही व्यवहाराची गोष्ट आहे. त्याचंही काही असेल, शनिवारचं टर्फवरचं क्रिकेट, आईकडची फेरी. तो हसला तर हसू दे, मीही टोलवाल्यावर हसले होते. हसून झाल्यावर त्याने ‘म्हणजे नेमकं काय करता?’ असं विचारलं की नाही, तेवढं लक्षात ठेव.

दुसरा प्रश्न, सोडायचा का. हा प्रश्न तू दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारून विचारलायस. घरच्यांना कळणं वेगळं आणि त्यांनी चालवून घेणं वेगळं. माझ्या नवऱ्याला माझं सदर कळतं असं मला वाटत नाही. तो वाचतही नाही. पण बुधवारी रात्री मी लिहायला बसले की आवाज कमी करतो. घरात बहुतेक छंद असेच चालतात. तुलाही एवढंच मिळालं तर घे आणि खेळत राहा. सोडायचाच असेल तर वेळ पुरत नाही म्हणून सोड, किंवा कंटाळा आला म्हणून.

अशीच पत्रं आणखी काही जणांची आहेत, त्यांनाही यातलं जे लागू पडेल ते घ्यावं. बायकोला या खेळाचा गंध नाही म्हणून हिरमुसलेल्या दादरच्या गृहस्थांना मात्र वेगळं सांगते: तिला तीन तासांचे व्हिडिओ दाखवणं बंद करा. दुसऱ्यांचा खेळ बघून हा खेळ कळत नाही, निदान सुरुवातीला नाही. तासाभराची, एकाच बैठकीत संपणारी गोष्ट घ्या. ठिकाण तिच्या ओळखीचं ठेवा, चाळ, लोकलचा डबा, तिचं ऑफिस. आणि ती जे म्हणेल त्याला ‘नियमात बसत नाही’ असं उत्तर देऊ नका. तिने पावती मागितली तर द्या टोलवाल्याच्या हातात पावतीपुस्तक.

तुला शेवटचं एक काम, हे आजच कर. ते फासे सराफाच्या बटव्यातून काढ. कंपासपेटीत ठेव, डब्यात ठेव, कुठेही. बटवा धुऊन आईला परत दे. तुझ्या पत्रावरून वाटतं, ती अजून ती अंगठी शोधतेय.